खुराक राहिला, तालीम सुटली

कोल्हापूरची ओळख सांगताना अंबाबाईच्या देवळामागोमाग तालमीचे नाव येते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभे राहिलेले खासबागचे मैदान, मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमी आणि पहाटेच्या अंधारात लाल मातीतून उठणारा शड्डूचा आवाज यांनी या नगरीला एक शरीरधर्मच घालून दिला. त्या धर्मात खुराकाला मानाचे स्थान होते. म्हशीचे धारोष्ण दूध, बदामाची थंडाई, वाटीभर तूप आणि मटणाचा रस्सा पोटात घालणारा मल्ल सूर्य उगवण्यापूर्वी हजारांच्या हिशेबाने जोर-बैठका काढीत असे. खाण्याचा खर्च तो मातीत फेडीत असे. जमाखर्चाची ही वही रोजच्या रोज जुळत होती.

त्या मल्लाचा नातू आज कचेरीत लेखनिक आहे किंवा शाळेत शिक्षक आहे. दहा ते सहा त्याची बैठक खुर्चीत असते. मंडईपर्यंत जायचे तरी तो दुचाकी बाहेर काढतो. मात्र रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा, सकाळच्या मिसळीवरचा तेलाचा कट, चहासोबतचे फरसाण आणि ‘खाल्लेले अंगी लागले पाहिजे’ हे आजीचे वचन या सर्वांचा वारसा त्याने निष्ठेने जपला आहे. तालीम सुटली, खुराक तेवढा राहिला. पेठेपेठेतील तालीम मंडळे आज फुटबॉलचे संघ उतरवितात ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सामन्याच्या दिवशी मैदानात बावीसजण धावतात आणि हजारो बसून पाहतात, हेही तितकेच खरे.

अशा परिस्थितीत एखाद्या सकाळी कचेरीत बातमी येते, की पंचेचाळिशीतला अमुक सहकारी रात्री गेला. मंडळी स्तब्ध होतात आणि मग प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य येते : “काल तर धडधाकट होता!” हे वाक्य दुःखातून आलेले असते, म्हणून ते समजून घ्यावे. परंतु ते बहुधा खरे नसते. तो मनुष्य काल हिंडता-फिरता होता, इतकेच. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तराखाली मेदाचे थर साचण्याची क्रिया वीस-तीस वर्षे चालू असते, आणि ती वेदना देत नाही. शेवटी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. ही शेवटची घटना काही मिनिटांची असते. तिची पूर्वतयारी मात्र अर्ध्या आयुष्याची असते. या पूर्वतयारीच्या खुणा आधी ओळखता येतात काय, हा विसाव्या शतकातील वैद्यकापुढचा एक मोठा प्रश्न होता.

एका गावाने दिलेले उत्तर

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्या अखेरच्या क्षणी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका मोजला गेला होता. तो अनेक वर्षे चढत चालला होता. परंतु वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, अशी तेव्हाच्या पुष्कळ वैद्यांची समजूत होती. महायुद्ध चालविणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला जे ज्ञान उपलब्ध नव्हते, ते आज कोल्हापुरातल्या कोणत्याही शिपायाला दहा मिनिटांत मिळू शकते, ही लहान गोष्ट नव्हे.

तीन वर्षांनी, १९४८ साली, बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावी एक वेगळाच प्रयोग सुरू झाला. आजारी माणसे तपासण्याऐवजी संशोधकांनी ५,२०९ स्त्री-पुरुष निवडले, त्यांच्या सवयी, वजन, रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल यांची नोंद केली आणि ते केवळ वाट पाहत बसले. ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, पुन्हा नोंद. कोणाला हृदयविकार झाला, कोणाला नाही, आणि या दोघांच्या जुन्या नोंदींत फरक काय होता, हे पाहणे एवढेच त्यांचे काम. १९६१ साली त्यांनी जाहीर केले, की चढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची वाढ यांचा पुढे येणाऱ्या हृदयविकाराशी निकटचा संबंध आहे. धूम्रपानाचा संबंधही त्याच सुमारास स्पष्ट झाला. ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग वैद्यकात रूढ झाला तो येथून.

पुढे २००४ साली ५२ देशांतील सुमारे तीस हजार माणसांच्या तुलनेतून ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने दाखविले, की तंबाखू, रक्तातील बिघडलेला मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्याविषयीच्या सवयी अशा नऊ घटकांत पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याची बहुतांश जोखीम सामावते. पुरुषांत ९० टक्के, तर स्त्रियांत ९४ टक्के. दैवाच्या वाट्याला त्यानंतर फार थोडे उरते. त्याच अभ्यासाची दुसरी नोंद आपल्यासाठी अधिक गंभीर आहे. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो. इतर देशांत तेच वय सुमारे ५९ भरते. म्हणजे मुलांची शिक्षणे पुरी होण्याआधीच आपल्याकडील घरकर्ता जातो.

जोखीम म्हणजे काय, आणि काय नव्हे

हे सारे छापून येते, वाचले जाते आणि तरीही पटत नाही. कारण प्रत्येक घरात एक आजोबा असतात. ते बिड्या ओढीत, तूप खात आणि नव्वद वर्षे जगले. या आजोबांनी महाराष्ट्रात जितके आरोग्यशिक्षण हाणून पाडले आहे, तितके कोणत्याही तंबाखू कंपनीने पाडले नसेल.

आजोबांचे उदाहरण खोटे नसते; त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. जोखीम ही शिक्षा नव्हे, ती शक्यता आहे. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला असता पुलावरून पाणी वाहत असताना एखादा ट्रकवाला गाडी घालतो आणि पार होतो. म्हणून तो रस्ता सुरक्षित ठरत नाही. जे पार झाले ते गोष्ट सांगायला उरले आणि जे वाहून गेले त्यांचे नातू उदाहरण द्यायला जन्मलेच नाहीत, असा हा हिशेब आहे. शिवाय ते आजोबा कोसभर चालत शेतावर जात होते, हा तपशील गोष्टीतून सोयीस्करपणे गळतो.

उलट बाजूची चूकही टाळली पाहिजे. ‘अमुक खाल्ल्याने धोका दुप्पट’ असे वाचून घाबरणारेही पुष्कळ असतात. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हा प्रश्न गणिताच्या शिक्षकाने तरी विचारावा. समजा, एका वयाच्या व एकही घटक अंगी नसलेल्या शंभर लेखनिकांपैकी दहा वर्षांत दोघांना हृदयविकार होतो. एखाद्या घटकाने जोखीम दुप्पट झाली तर चौघांना होईल. शहाण्णव जण तरीही बचावतील. परंतु त्याच माणसात दुसरा घटक आला व तोही दुपटीचा असला, तर आठ. तिसरा आला तर सोळा. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. त्यातला नियम मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जोखमीचे घटक एकत्र आले की साधारणपणे बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात. म्हणून ‘मला थोडासाच रक्तदाब, थोडीशीच साखर आणि दिवसाला दोनच सिगारेटी’ असे सांगणारा मनुष्य स्वतःला निर्दोष समजत असतो, तेव्हाच तो सर्वांत धोक्याच्या जागी उभा असतो.

खुर्ची, जिना आणि हुद्दा

हृदयविकार हा साहेबांचा रोग, कारकुनाला तो कशाला होतो, अशीही एक समजूत आहे. तिचे निरसन लंडनने केले. जेरेमी मॉरिस या संशोधकाने १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करून तिकिटे फाडणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. टपाल खात्यातही तसेच. पत्रे वाटत हिंडणारा पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित निघाला.

या अभ्यासाचा उत्तरार्ध विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. चालक मुळातच लठ्ठ असतील तर? मॉरिसने गणवेशाच्या मापांची पुस्तके काढून पाहिली आणि १९५६ साली प्रांजळपणे लिहिले, की चालकांच्या विजारीची कंबर नोकरीच्या आरंभापासूनच वाहकांपेक्षा मोठी होती. म्हणजे फरकाचे सारे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. विज्ञान स्वतःचीच उलटतपासणी अशी घेते, म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा. नंतरच्या अनेक अभ्यासांनी शारीरिक श्रमाचा लाभ पक्का केला, तो या चाळणीतून गाळून घेतल्यावरच.

दुसरे उदाहरण ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांचे. १९६७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सतरा हजारांहून अधिक पुरुष नोकरदार तपासले गेले. अपेक्षा अशी होती, की जबाबदारीच्या ओझ्याखाली वरिष्ठ अधिकारी अधिक मरत असतील. निघाले ते उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतील माणसांचा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी घटक वजा केल्यावरही फरकाचा मोठा भाग उरत होता. ज्याच्यावर काम लादले जाते, पण ते कसे व केव्हा करावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याला नसतो, त्याच्या हृदयावर त्या पराधीनतेचा भार पडतो, या विचाराला त्यातून चालना मिळाली. साहेब रागावून मोकळा होतो. कारकून राग गिळतो आणि संध्याकाळी पानपट्टीवर उभा राहतो. त्या पानपट्टीची नोंद वैद्याच्या कागदावर होते, गिळलेल्या रागाची होत नाही.

बारीक अंगाची फसवणूक

‘मी तर काडीसारखा आहे, मला कसला मधुमेह?’ हा आपल्याकडील आणखी एक भरवशाचा आधार. तो पुण्याने मोडून काढला. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचाच एक तौलनिक नमुना छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच सडपातळ. परंतु शरीरातील मेद मोजला तेव्हा इंग्रज डॉक्टरांत तो ९.१ टक्के निघाला आणि भारतीय डॉक्टरांत २१.२ टक्के. काटा खरे बोलत होता, पण पुरते बोलत नव्हता.

याचे मूळ कोठे, याचा शोध पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासाने घेतला. त्या खेड्यांतील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बालकाचे ३.५ किलो. आपले बाळ सर्वच बाबतींत लहान होते. स्नायूंत तर फारच मागे. मेदात मात्र ते तितके मागे नव्हते. आईच्या पोटातच टंचाईची सवय झालेले हे शरीर पुढे सुबत्तेत आले, खुर्चीत बसले आणि गोडधोड खाऊ लागले की ते साखरेचा व मेदाचा भार पेलू शकत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर इतकी खाली आणली गेली आहे. शिंप्याच्या टेपने कळणारी ही गोष्ट आहे. हृदयविकाराचा प्रश्न गर्भवतीच्या ताटापासून सुरू होतो, हा या संशोधनाचा खरा अर्थ. आणि सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटाकडे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे साऱ्या घरावर येते.

मीठ, मशेरी आणि मावा

कोल्हापुरी जेवणावर दोषारोप करताना मिरचीला उगाच फासावर चढविले जाते. तिखटाने डोळ्यांत पाणी येत असेल, रोहिण्या त्याने बंद होत नाहीत. अपराधी असतात ते तिखटाबरोबर येणारे तेल व मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड, खर्डा, फरसाण आणि वरून पानात वाढलेले मीठ यांचा हिशेब मांडला तर ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. गुऱ्हाळातला गूळ साखरेपेक्षा आरोग्यदायी, ही आणखी एक स्थानिक श्रद्धा. गुळाला चव आहे, परंपरा आहे. मधुमेही माणसाच्या रक्तात मात्र तोही साखरच वाढवितो.

तंबाखूचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सीमेपलीकडचे निपाणी हे तंबाखूचे आणि विडीचे मोठे केंद्र. तेथील वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी दिलेला लढा आणि १९८१ साली तंबाखूच्या रास्त भावासाठी झालेले, गोळीबाराने रक्तरंजित झालेले शेतकरी आंदोलन ज्यांना आठवते, त्यांना हे पीक किती घरांची चूल आहे हे सांगावे लागत नाही. म्हणून नुसत्या उपदेशाने हा प्रश्न सुटणार नाही. तथापि चूल एकाची पेटते आणि छाती दुसऱ्याची जळते, हेही दृष्टिआड करता येत नाही. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पानपट्टीवर मावा चोळणारे हात त्याने थांबले नाहीत. घरातील स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावतात; तिची गणना व्यसनात कोणी करीत नाही आणि डॉक्टरांनी विचारले तर “मला कसलेच व्यसन नाही” असे त्या मनापासून सांगतात. दिलासा एवढाच, की हे पाप फेडता येते. धूम्रपान सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराची वाढीव जोखीम सुमारे निम्म्याने उतरते.

हेच घटक केवळ हृदयावर थांबत नाहीत. अर्धांगवायू, मूत्रपिंडांचा ऱ्हास, दृष्टिनाश, पायांतील रक्तपुरवठा बंद होणे आणि कित्येक कर्करोग यांच्या मागेही रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व मेद हीच मंडळी आलटून-पालटून उभी असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३१ कोटींहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. यांपैकी असंख्यांना त्याचा पत्ताच नाही. आणि ज्यांना आहे, त्यांतले पुष्कळ जण ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करतात. रक्तदाबात बरे वा वाईट वाटत नसते. तो केवळ मोजता येतो.

एकट्याचा दोष नव्हे

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की मग ज्याने त्याने आपले सांभाळावे. पण प्रश्न तेथेच संपत नाही. ब्रिटिश वैद्य जेफ्री रोझ यांनी १९८५ साली एक मार्मिक सिद्धांत मांडला. समजा, एका वसाहतीत हजार माणसे आहेत. त्यांतील शंभर अतिधोक्याची असून त्यांच्यातले वीस जण आजारी पडतात. उरलेल्या नऊशे जणांचा धोका मध्यम आहे. त्यांतले शेकडा पाचच आजारी पडतात, पण ती संख्या पंचेचाळीस होते. अर्थात अधिक रुग्ण येतात ते ‘ठीक’ समजल्या जाणाऱ्या घोळक्यातून. केवळ अतिधोक्याच्या माणसांना औषध देऊन समाज निरोगी होत नाही. सगळ्यांचेच जीवन किंचित बदलावे लागते.

हा बदल एकट्याच्या निग्रहावर सोपविणे अन्यायाचे आहे. रंकाळ्याभोवती पहाटे फिरणारे शेकडो लोक पाहिले म्हणजे शहराला चालण्याची हौस नाही असे म्हणवत नाही. पण ती हौस रंकाळ्यापुरती का राहते? कारण घरापासून कचेरीपर्यंत निर्भयपणे चालता येईल असा पदपथ सलग मिळत नाही. शाळेतील शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो. तो देणारेही शिक्षकच असतात. कचेरीच्या उपाहारगृहात वड्याला पर्याय म्हणून भिजवलेले हरभरे किंवा फळ मिळत नाही. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाकडे लोकांनी केवळ झटका आल्यावर धावायचे, की तिशी उलटताच वर्षातून एकदा रक्तदाब व साखर मोजून घ्यायला आपल्या वॉर्डातल्या दवाखान्याची पायरी चढायची, हेही अंशतः त्या दवाखान्याच्या वेळा नोकरदाराला जमतात की नाही यावर ठरते.

तोवर काही गोष्टी कोणाचीही वाट न पाहता होऊ शकतात. छातीत दाब येऊन तो डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकला, दरदरून घाम फुटला, तर ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पिऊन पडून राहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बंद झालेली रोहिणी जितक्या लवकर उघडावी तितका स्नायू वाचतो. स्त्रियांत ही लक्षणे पुष्कळदा केवळ धाप, मळमळ वा असह्य थकवा अशा रूपाने येतात आणि म्हणून त्यांना उशीर होतो. त्यांचा थकवा हा घरकामाचा भागच समजला जातो.

मल्लविद्येत वस्ताद पठ्ठ्याला पहिला धडा डावाचा देत नाही, पवित्र्याचा देतो. समोरच्याचा पाय कोठे आहे, खांदा कोठे झुकतो, हे आधी पाहायचे, पकड नंतर. जोखमीचे घटक जाणून घेणे म्हणजे रोगाचा पवित्रा ओळखणे होय. कुस्ती जिंकण्याची हमी कोणताही वस्ताद देत नाही. परंतु समोर कोण उभे आहे हे न पाहता आखाड्यात उतरणाऱ्याला या शहराने कधी पैलवान म्हटलेले नाही. तीच कसोटी आता तालमीबाहेरच्या, खुर्चीत बसलेल्या कोल्हापूरकरालाही लावली पाहिजे.